भाऊरावांना लिहिलेले पत्र : बाबासाहेबांचा मधुमेह आणि शुश्रूषेचे ओझे

१/२६
२१ फेब्रुवारी १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा संविधान सभेच्या अध्यक्षांना सादर केला. त्यानंतर २४ दिवसांनी, १६ मार्च रोजी, त्यांनी नाशिकच्या भाऊराव गायकवाडांना एक खासगी पत्र लिहिले. त्या पत्रात एका घरगुती प्रश्नाची चर्चा होती : आजारी माणसाची शुश्रूषा कोणी करायची? महाराष्ट्राच्या इतिहासात हा प्रश्न इतक्या उघडपणे कागदावर उतरल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. म्हणून हा धागा त्या पत्रापासून सुरू होतो.

२/२६
पत्र ज्यांना लिहिले ते भाऊराव कृष्णराव गायकवाड म्हणजे दादासाहेब गायकवाड. जन्म १९०२, गाव नाशिक जिल्ह्यातील आंबे दिंडोरी. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची नाशिकमधील धुरा त्यांनी वाहिली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. या सगळ्या वर्षांत बाबासाहेब त्यांना सातत्याने पत्रे लिहीत. चळवळीचे हिशेब, सूचना, रागलोभ आणि मनातले खासगी सल त्या पत्रांत एकत्र नांदतात.

३/२६
१६ मार्चच्या पत्राचा आशय असा. यशवंताच्या आईच्या मृत्यूनंतर पुन्हा विवाह करायचा नाही, असा बाबासाहेबांचा निश्चय होता. प्रकृतीने मात्र तो मोडायला लावला. शुश्रूषेसाठी परिचारिका किंवा घर सांभाळणारी स्त्री ठेवली तर लोकांच्या मनात शंकाकुशंका उत्पन्न होतील; त्यापेक्षा विवाह करणे हाच मार्ग बरा. एका विधुर, आजारी आणि देशभर ज्याच्याकडे डोळे लागले आहेत अशा माणसाने आपल्या विश्वासू सहकाऱ्यापुढे ठेवलेला हा हिशेब होता.

४/२६
हे पत्र सहसा चरित्रातील एक तपशील म्हणून वाचले जाते. थोडे थांबून वाचले तर त्यात एका काळाची समाजव्यवस्था दिसते. पुरुष आजारी पडला की शुश्रूषा घरातल्या स्त्रीने करायची. घरात स्त्री नसेल तर बाहेरची स्त्री येणार कशी? पैसे देऊन सेवा घेण्याची प्रतिष्ठित व्यवस्था नव्हती. ज्यांनी हिंदू कायद्यात स्त्रीला हक्क देण्यासाठी पुढे मंत्रिपद सोडले, त्यांनाही स्वतःच्या आजारपणासाठी याच चौकटीत उत्तर शोधावे लागले.

५/२६
त्यांच्या घरातील आजारपणाचा इतिहास जुना होता. बाबासाहेब आणि रमाबाई यांची पाच अपत्ये झाली. त्यांपैकी एकटे यशवंत जगले. रमाबाईंचे शरीर कष्टांनी आणि दुःखांनी खंगत गेले. २७ मे १९३५ रोजी दादरच्या ‘राजगृहा’त त्यांचे निधन झाले. येवल्याची घोषणा त्यानंतर पाच महिन्यांनी झाली, हे अनेकांच्या ध्यानात राहत नाही. पुढची १३ वर्षे बाबासाहेब एकटे राहिले. ग्रंथ, दौरे, परिषदा, सरकारी जबाबदाऱ्या वाढत गेल्या आणि जेवणाखाण्याची, झोपेची घडी विसकटत गेली.

६/२६
आता रोगाकडे वळू. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत ‘मधुमेह’ हा शब्द आहे. रुग्णाच्या लघवीतील गोडी वैद्यांनी फार पूर्वी ओळखली होती. ओळख होती, पण खात्रीचा उपाय नव्हता. लोकमान्य टिळकांचे उदाहरण बोलके आहे. १९०८ ते १९१४ ते मंडालेच्या तुरुंगात होते आणि त्यांना मधुमेह होता. आहारात बदल करणे एवढेच साधन हाती होते. स्वयंपाकासाठी कुलकर्णी नावाचा एक कैदी त्यांच्यासोबत दिलेला होता. म्हणजे त्या कोठडीत टिळकांच्या औषधाची सूत्रे एका अर्थी त्यांच्या स्वयंपाक्याच्या हाती होती. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले.

७/२६
त्यानंतर वर्षभरात, १९२१ मध्ये, कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले आणि जेम्स कॉलिप यांनी ते द्रव्य माणसाला टोचण्याइतके शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचले गेले. १९२३ मध्ये बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधुमेहाच्या इतिहासाचे ‘इन्सुलिनपूर्व’ आणि ‘इन्सुलिनोत्तर’ असे दोन भाग पडतात ते इथे.

८/२६
इन्सुलिनने मृत्यू पुढे ढकलला. रोग मात्र बरा केला नाही. रुग्ण आता वर्षानुवर्षे जगू लागले आणि त्यामुळे मधुमेहाचे उशिरा उमटणारे परिणाम दिसू लागले. रक्तातील वाढलेली साखर बारीक रक्तवाहिन्यांना आणि मज्जातंतूंना हळूहळू इजा करते. पायांत आग होते, मुंग्या येतात, पुढे बधिरपणा येतो. डोळ्यांच्या दृष्टिपटलावर परिणाम होऊन नजर मंदावते. मूत्रपिंड आणि हृदय दुबळे होतात. पूर्वी जो रोग थोड्या काळात माणसाला नेत असे, तो आता १०-२० वर्षांचा संसार झाला. आणि संसार म्हटला की तो कोणीतरी चालवावा लागतो.

९/२६
१९४८ साली घरी इन्सुलिन देणे म्हणजे काय, हे आज कल्पनेनेच समजून घ्यावे लागते. बोटाला टोचून साखर सांगणारे यंत्र तेव्हा नव्हते. परीक्षानळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकून तापवायचे आणि रंग पाहायचा : निळा राहिला तर साखर नाही, हिरवट-पिवळा झाला तर थोडी, विटकरी झाला तर फार. काचेची सिरिंज आणि सुई दर वेळी उकळायची. सुई फेकून द्यायची नसे; तीच पुनःपुन्हा वापरायची. आणि हे सारे घड्याळ पाहून, जेवणाच्या वेळेशी जुळवून.

१०/२६
जेवणाशी जुळवून, कारण इन्सुलिन दुधारी आहे. टोचल्यावर रुग्ण जेवलाच नाही, तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हातपाय कापतात, भान हरपते, वेळेवर साखर पोटात गेली नाही तर जीवही जातो. झोपेत असे घडले तर शेजारी जागे असणाऱ्यालाच ते कळणार. म्हणून मधुमेही रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला सुट्टी नसते, रात्रही नसते. रुग्ण कामात बुडून ताटावर यायला दोन तास उशीर करणारा असेल, तर मग विचारायलाच नको. बाबासाहेब नेमके तसे रुग्ण होते.

११/२६
हे काम करणारी प्रशिक्षित माणसे देशात किती होती? १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आरोग्यव्यवस्थेचा अहवाल दिला. त्यानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. परिचर्येच्या शिक्षणाला देशभर एकसारखी शिस्त लावणारा भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला तो १९४७ मध्ये. रुग्णालयांनाच परिचारिका पुरत नव्हत्या, मग घरी येऊन शुश्रूषा करणारी परिचारिका ही चैनच होती.

१२/२६
संख्येच्या जोडीला प्रतिष्ठेचाही प्रश्न होता. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन उभे राहिले आणि तेथून स्त्रिया ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. परपुरुषाच्या अंगाला हात लावून करायचे काम म्हणून समाजाने त्या व्यवसायाकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. बाबासाहेबांच्या पत्रातील ‘शंकाकुशंका’ या भीतीचे मूळ इथे आहे. विरोधकांना निमित्त हवेच होते. विधुर नेत्याच्या घरातील परिचारिका हे आयते निमित्त ठरले असते.

१३/२६
डॉ. शारदा कृष्णराव कबीर यांचा प्रवेश या पार्श्वभूमीवर होतो. जन्म २७ जानेवारी १९०९, मुंबई. कुटुंब सारस्वत ब्राह्मण. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली त्या एम.बी.बी.एस. झाल्या. काही काळ गुजरातेत रुग्णालयात नोकरी करून त्या मुंबईत परतल्या आणि डॉ. माधवराव मालवणकर या नामवंत चिकित्सकांच्या दवाखान्यात काम करू लागल्या. ज्या काळात स्त्री डॉक्टर होणे हीच बातमी होती, त्या काळात स्वतःच्या पायावर उभी असलेली ही स्त्री होती.

१४/२६
१९४७ मध्ये विलेपार्ल्याला डॉ. राव यांच्या घरी त्यांची आणि बाबासाहेबांची भेट झाली. पुढे बाबासाहेब उपचारांसाठी डॉ. मालवणकरांकडे आले. मधुमेह, रक्तदाब, पायांतील तीव्र वेदना, झोप न येणे, अशी तक्रारींची मालिका होती. उपचार करता करता परिचय वाढला, पत्रव्यवहार सुरू झाला, बाबासाहेबांनी विवाहाबद्दल विचारले आणि डॉ. कबीर यांनी विचारांती होकार दिला. त्यांनी रुग्णाची सारी परिस्थिती कागदपत्रांसह पाहिली होती. पुढे काय वाढून ठेवले आहे, हे त्यांच्याइतके स्पष्टपणे कोणती नववधू जाणत असेल?

१५/२६
१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, हार्डिंग अव्हेन्यूवरील निवासस्थानी, नोंदणी पद्धतीने विवाह झाला. बाबासाहेबांनी आदल्याच दिवशी ५७ वर्षे पूर्ण केली होती, डॉ. शारदा ३९ वर्षांच्या होत्या. विवाहानंतर त्या सविता आंबेडकर झाल्या. अनुयायी त्यांना ‘माईसाहेब’ म्हणू लागले. त्यांनी मुंबई सोडली आणि वैद्यकीय व्यवसायही थांबवला. शुश्रूषेचा पहिला खर्च हा असतो : करणाऱ्याचे स्वतःचे काम. तो कुठल्याच हिशेबवहीत लिहिला जात नाही.

१६/२६
रुग्णावर त्या वेळी किती भार होता? ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी संविधान सभेत त्याची कबुलीच दिली. मसुदा समितीच्या सात सदस्यांपैकी कोणी राजीनामा दिला, कोणाचे निधन झाले, कोणी अमेरिकेत होते, कोणी संस्थानी कारभारात गुंतले, कोणी दिल्लीपासून दूर होते; त्यामुळे मसुद्याचे ओझे अखेर एकट्या आंबेडकरांच्या खांद्यावर आले, असा त्यांच्या भाषणाचा सारांश होता. हे भाषण वारंवार सांगितले जाते. त्या खांद्यांना उभे ठेवणारे हात कोणाचे, हा पुढचा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

१७/२६
त्या काळात माईसाहेबांकडे आहार, इन्सुलिन, तपासण्या, औषधे आणि विश्रांती यांचे वेळापत्रक होते. डॉ. मालवणकर मुंबईहून सल्ला देत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेतील आपले गाजलेले अखेरचे भाषण केले. दुसऱ्या दिवशी घटना स्वीकारली गेली. नंतर हिंदू कोड बिलाचा संघर्ष आला आणि सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा. राजकारणातला प्रत्येक ताण शरीरात उतरत होता, आणि शरीरात उतरलेला प्रत्येक ताण घरातल्या माणसांना निस्तरावा लागत होता.

१८/२६
घरातली माणसे म्हणजे केवळ पत्नी नव्हे. नानकचंद रत्तू हे पंजाबातील होशियारपूर जिल्ह्यातले तरुण सरकारी कर्मचारी. दिवसभर कार्यालयात नोकरी करायची आणि संध्याकाळी बाबासाहेबांकडे येऊन टंकलेखन, पत्रव्यवहार, पुस्तकांची ने-आण, आणि गरज पडेल तेव्हा पाय चेपून देणेही. असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला. स्वयंपाकघर सुदामा सांभाळत. माईसाहेब आणि रत्तू या दोघांनीही पुढे आठवणी लिहिल्या. दोघांचे सूर एकसारखे नाहीत. एकाच रुग्णाभोवतीच्या दोन शुश्रूषकांना एकच घर वेगवेगळे दिसू शकते. इतिहासाच्या वाचकाने दोन्ही साक्षी ऐकाव्यात.

१९/२६
१९५४ हे वर्ष कठीण गेले. मे महिन्यात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पराभव झाला. जून ते ऑक्टोबर या काळात बाबासाहेब जवळजवळ अंथरुणाला खिळून होते. नजरही मंदावली होती. उभे राहायला, चालायला आधार लागू लागला. ज्याचे उभे आयुष्य पुस्तकांत गेले त्याला अक्षरे दिसेनाशी होणे म्हणजे काय, याचा विचार करावा. तरीही डिसेंबरमध्ये ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. अशा रुग्णाला ‘आता थांबा’ म्हणणे आणि तो थांबणार नाही हे ठाऊक असणे, हे शुश्रूषेतले सर्वांत अवघड काम असते.

२०/२६
आणखी एक काम होते, जे लोकांना आवडणारे नव्हते. दूरवरून आलेल्या कार्यकर्त्यांना दारातच थांबवावे लागे : आज भेट नाही, प्रकृती बरी नाही. वैद्यकीय दृष्टीने ते योग्य होते. पण उपाशीतापाशी, उधारीचे तिकीट काढून आपल्या बापाला भेटायला आलेल्या माणसाच्या मनात त्या नकाराचा काटा राहणे हेही तितकेच स्वाभाविक होते. दारात उभी असलेली स्त्री जन्माने ब्राह्मण होती. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बंद दारे पाहिली होती, त्या समाजाला हे दारही तसेच वाटले असेल, तर दोष कोणाला द्यायचा?

२१/२६
१९५१ पासून बाबासाहेब ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ इंग्रजीत लिहीत होते. १५ मार्च १९५६ ही तारीख असलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या खालावलेल्या प्रकृतीचा उल्लेख करून, हे काम पूर्ण करण्याइतके आयुष्य मिळाले याचे श्रेय पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दोघांनी भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली. नोव्हेंबरमध्ये दोघे काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. शरीर थकले होते, प्रवास संपत नव्हते.

२२/२६
५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीतील २६, अलीपूर रोड या घरी रत्तूंनी नेहमीप्रमाणे त्यांचे पाय चेपून दिले. ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाशी होते. ६ डिसेंबरच्या सकाळी माईसाहेब उठवायला गेल्या तेव्हा बाबासाहेब झोपेतच गेलेले होते. पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले. आज ती जागा चैत्यभूमी म्हणून ओळखली जाते.

२३/२६
लगेचच कुजबुज सुरू झाली : मृत्यू नैसर्गिक होता का? रोख होता औषध देणाऱ्या हातांवर. काही खासदारांनी चौकशीची मागणी केली, सरकारने पोलिसांमार्फत चौकशी केली आणि १९५७ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी लोकसभेत मृत्यू नैसर्गिक असल्याचे सांगितले. दीर्घकाळच्या मधुमेहात हृदयाच्या मज्जातंतूंनाही इजा होते. छातीत कळ न येता हृदय बंद पडू शकते. झोपेतला मृत्यू अशा रुग्णात अनाकलनीय नसतो. पण शोकाला कारण हवे असते, आणि सर्वांत जवळ उभी असलेली व्यक्ती हे कारण म्हणून सर्वांत सोयीचे ठरते.

२४/२६
बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ती प्रस्तावना नव्हती. म्हणजे ज्या काळात शुश्रूषा करणारीवर संशय घेतला जात होता, त्याच काळात तिच्या बाजूची सर्वांत मोठी साक्ष, खुद्द रुग्णाची लेखी साक्ष, वाचकांच्या हाती नव्हती. भगवान दास यांनी १९८० साली बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावना पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केल्या, तेव्हा ती सर्वांपुढे आली. मधली २३ वर्षे माईसाहेबांनी मोठ्या प्रमाणात एकांतात काढली. इतिहासात एखादे पान गळाले तर त्याची किंमत जिवंत माणूस मोजत असतो, ती अशी.

२५/२६
पुढे दलित पँथरच्या पिढीतील तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा सार्वजनिक जीवनात आणले. १४ एप्रिल १९९० रोजी राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरामन यांच्या हस्ते बाबासाहेबांचे मरणोत्तर ‘भारतरत्न’ त्यांनी स्वीकारले. त्याच सुमारास ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. २९ मे २००३ रोजी मुंबईत, वयाच्या ९४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. संसार आठ वर्षांचा, वैधव्य ४६ वर्षांचे. त्या आठ वर्षांत देशाला राज्यघटना मिळाली, धम्मक्रांती झाली आणि एक मोठा ग्रंथ पुरा झाला.

२६/२६
शुश्रूषा करणाऱ्यावर पडणारा भार मोजण्यासाठी १९८० मध्ये स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली केली. तिच्या आज रूढ असलेल्या रूपात २२ प्रश्न आहेत : स्वतःसाठी वेळ उरतो का, प्रकृती ढासळते का, नात्यांवर ताण येतो का, पुढची भीती वाटते का, आपण पुरेसे करत नाही असे वाटते का. आज महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे आणि राज्यभरातील परिचर्येच्या पदव्या तिथून दिल्या जातात. १९४८ च्या पत्रातील अडचणीचे एक उत्तर त्या शहरात तयार झाले. दुसरे उत्तर अजून घरोघरी शोधले जात आहे. पायांची जखम रोज धुणारी सून, इन्सुलिनची वेळ सांभाळण्यासाठी नोकरी सोडलेली मुलगी, रात्री तीनला साखरपाणी घेऊन उठणारा म्हातारा नवरा, यांची नावे कोणत्याही प्रस्तावनेत येत नाहीत. बाबासाहेबांनी ते नाव लिहिले होते. ते छापायला २३ वर्षे लागली, एवढेच.